अंदाजपंचे, पण हिशेबानं

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेपटाला मी सहज लिहून गेले होते की, वस्तू कुठे पडली याचा काहीच पत्ता नसेल तर थोडं अंदाजपंचे फिरण्यात तोटा नसतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रं आज पुढ्यात घेऊन बसले आहे. काही रागावलेली आहेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

प्रश्न : मी तीस वर्षं नकाशे आखण्याचं काम केलं. घरात काही पडलं की मी मनातल्या मनात जमिनीचे पट्टे पाडतो आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकेक पट्टा संपवतो. तुमच्या अंदाजपंचे फिरण्यात माणूस त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा जाणार. याला शोधणं म्हणायचं की भटकणं?

उत्तर : भटकणंच. आणि त्याच त्या जागी जाण्याबद्दल तुम्ही म्हणता ते इतकं खरं आहे की मोजून दाखवता येतं. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या, मधल्या घरात पेन्सिल टेकवा आणि नाणं दोनदा उडवा. दोन नाणेफेकींचे चार निकाल, चार दिशा. निकाल येईल तिकडे एक घर सरका. असं शंभर वेळा. मी परवा केलं. शंभर पावलांत पेन्सिल 47 वेगळ्या घरांना लागली, बाकीची पावलं जुन्याच घरांवर पडली. पानाचा मधला भाग काळा झाला होता आणि वरचा उजवा कोपरा कोराच्या कोरा. माझं नाणं वाईट होतं असं नाही, गणितही शंभर पावलांना साधारण निम्मीच घरं देतं. पुढे चालत राहिलात तर नव्या घरांचं प्रमाण आणखी घसरत जातं.

जॉर्ज पोल्या हा गणितज्ञ झुरिकजवळच्या झाडीत फिरायला गेला असताना एक तरुण जोडपं त्याला सारखं समोर येत राहिलं. आपण मुद्दाम त्यांच्या मागावर आहोत असं त्यांना वाटत असणार, या विचारानं तो ओशाळला आणि घरी येऊन गणित करत बसला. 1921 मध्ये त्यानं सिद्ध केलं की सपाटीवर असं भटकणारा कधी ना कधी सुरुवातीच्या जागी परत येतोच येतो. वर-खालीही जाता येत असेल, तर मात्र परत येण्याची शक्यता जेमतेम 34 टक्के उरते.

म्हणजे तुमचे पट्टे जिंकले. पण एका अटीवर. पट्ट्यावरून नजर गेली आणि वस्तू तिथे असली, तर ती दिसलीच पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याचं गणित बर्नार्ड कूपमन आणि त्याचे सहकारी मांडत होते. त्यातला एक हिशेब मला फार आवडतो. विमान उडताना दोन्ही बाजूंचं जेवढं पाणी त्याच्या टप्प्यात येतं, तेवढ्या रुंदीची झाडू मारल्यासारखी एक पट्टी त्याच्या मागे तयार होते. या पट्टीचं एकूण क्षेत्रफळ शोधायच्या समुद्राइतकं झालं, की ओळीनं जाणाऱ्या आणि कधीच न चुकणाऱ्या शोधकाचं काम 100 टक्के झालेलं असतं. तेवढंच अंतर वेडंवाकडं उडणाऱ्याला पाणबुडी सापडण्याची शक्यता 63 टक्के. आणखी तेवढंच उडाला तर 86, तिसऱ्यांदा 95. थकलेले डोळे, लाटा आणि ढग धरून होणारा खराखुरा शोध बहुधा या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो. म्हणून भटक्याचे आकडे निराशावादी नियोजनाला सोयीचे असतात. निदान एवढं तरी हाती लागेल, असं म्हणता येतं.

आता माझ्या चष्म्याचा स्क्रू. दीड मिलिमीटरचा असेल नसेल. लिहायच्या टेबलाशी बसले असताना काडी निखळली आणि तो खाली गेला. मी तुमच्यासारखेच पट्टे पाडले. टेबलाखालची जागा पहिल्यांदा, अगदी नीट. नाही सापडला. मग उरलेली खोली दोन दिवस पालथी घातली आणि टेबलाखाली एकदाही वाकले नाही, कारण 'तिथलं बघून झालं होतं'. तिसऱ्या दिवशी पेन पडलं म्हणून वाकले, हातातली बॅटरी जमिनीवर आडवी टेकली आणि टेबलाच्या पायाशी एक लांबलचक काळी रेघ उमटली. स्क्रू सावलीच्या टोकाशी उभा होता. वरून प्रकाश पाडला की त्याची सावली त्याच्याच पोटाखाली जाते; जमिनीलगत धरला की दीड मिलिमीटरची वस्तू बोटभर लांब दिसते.

नंतर बसून आकडे मांडले तेव्हा स्वतःचाच राग आला. समजा, तो टेबलाखाली असण्याची शक्यता सुरुवातीला 70 टक्के होती आणि खोलीत इतरत्र 30. समजा, माझी नजर इतक्या बारीक गोष्टीवर निम्म्या वेळा चुकते. मी टेबलाखाली शोधलं आणि मिळाला नाही. तरीही तो तिथेच असण्याची शक्यता शून्य होत नाही. 70 ची 35 होते, आणि उरलेल्या 30 शेजारी ठेवली की 65 तले 35, म्हणजे जवळजवळ 54 टक्के. एकदा शोधून झालेली जागाच अजूनही सगळ्यात चांगली जागा होती, आणि मी कपाटं सरकवत होते.

हेच फार मोठ्या आणि दुःखद प्रमाणावर घडलं आहे. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 हे विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं. ब्लॅक बॉक्ससोबतची पाण्याखाली टिकटिक करणारी यंत्रं ऐकू येतात का, हे शेवटच्या ठाऊक ठिकाणाच्या आसपास तपासलं गेलं. काही ऐकू आलं नाही, म्हणून तो भाग बराचसा बाद धरला गेला आणि पुढचे शोध दुसरीकडे वळले. 2011 मध्ये मेट्रॉन या कंपनीच्या विश्लेषकांनी सगळ्या शक्यता पुन्हा मांडल्या आणि त्यात हाही प्रश्न विचारला की ती टिकटिक यंत्रंच बंद पडली असतील तर? तेवढ्यानं शक्यतेचा डोंगर पुन्हा शेवटच्या ठिकाणाजवळ सरकला. नवा शोध सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात, त्या एप्रिलच्या सुरुवातीला अवशेष सापडले, सुमारे 3,900 मीटर खोल.

भटक्या जुन्या जागी परत जातो हा त्याचा दोष खराच. पण नजर कच्ची असते तिथे तोच दोष कामाला येतो. पट्टे पाडणाऱ्याला 'झालं' असं वाटतं, भटक्याला ते कधीच वाटत नाही. तुम्ही पट्टे सोडू नका. फक्त दुसऱ्या फेरीला ते काटकोनात पाडा आणि दिव्याची बाजू बदला.

प्रश्न : मी अकरावीत आहे. अल्बट्रॉस पक्षी 'लेव्ही फ्लाइट' पद्धतीनं अन्न शोधतो आणि 2 हा निसर्गाचा जादूचा आकडा आहे, असं एका व्हिडिओत ऐकलं. हे खरं आहे का? आणि आपणही तसंच शोधावं का?

उत्तर : तुझ्या पत्रानं माझी जुनी जखम उघडली. आधी गोष्ट काय आहे ते सांगते.

पेन्सिलीच्या खेळात प्रत्येक पाऊल एक घर होतं. लेव्हीच्या चालीत पावलांची लांबी ठरलेली नसते. पुष्कळ आखूड, मधूनच एखादं लांब, क्वचित एखादं अफाट लांब. पॉल लेव्ही हा फ्रेंच गणितज्ञ. या चालीला त्याचं नाव त्याचाच विद्यार्थी बेन्वा मँडेलब्रॉट यानं दिलं. लांब पावलं किती विरळ असावीत, हे एका घातांकावर ठरतं. घातांक 2 असेल तर दुप्पट लांब पाऊल चौपट विरळ. कागदावर काढलंस तर जागोजागी गिचमीड पुंजके आणि त्यांना जोडणाऱ्या लांब रेघा, असं चित्र होतं. पुंजक्यात बारकाईनं शोध, रेघेनं नव्या मुलखात.

1996 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवरच्या अल्बट्रॉसांच्या पायाला ओलं-कोरडं नोंदवणारी यंत्रं बांधली होती. पाय ओला म्हणजे पक्षी पाण्यावर उतरलेला, कोरडा म्हणजे उडणारा. कोरड्या वेळांच्या लांबीत लेव्हीचा नमुना दिसला. 1999 मध्ये त्याच गटातल्या मंडळींनी गणितानं दाखवलं की, भक्ष्य विरळ असेल आणि एकदा भेट दिल्यावरही तिथेच राहत असेल, तर घातांक 2 च्या जवळ असणं सगळ्यात फायद्याचं. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवत होते. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर निळ्या मार्करनं मी एक अल्बट्रॉस काढला होता, पंख जरा जास्तच लांब, आणि पुढची काही वर्षं प्रत्येक व्याख्यानात तो उडवला. टाळ्या मिळायच्या.

2007 मध्ये 'नेचर'मध्येच दुसरा निबंध आला. जुनी नोंद नव्या, बारीक नोंदींशी ताडून पाहिली होती. सगळ्यात लांब 'उड्डाणं' नेमकी सफरीच्या सुरुवातीला आणि शेवटाला होती. त्या वेळी पक्षी उडतच नव्हता. यंत्र पायाला बांधून तो घरट्यात बसलेला होता, पाय अर्थातच कोरडे! ते तास वगळले आणि लेव्हीचा नमुना विरून गेला. मला सगळ्यात भावलं ते हे की, या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांत पहिल्या निबंधाचे बरेच लेखक होते. माझा निळा अल्बट्रॉस मी फेकला नाही, त्याच्याखाली 'घरट्यात' असं लिहून ठेवला.

गोष्ट तिथेही संपली नाही. 2012 मध्ये जास्त नेमक्या यंत्रांच्या नोंदींवरून दुसऱ्या गटानं दाखवलं की काही अल्बट्रॉस खरंच लेव्हीसारखे फिरतात, सगळे नाहीत. त्याआधी 2008 मध्ये शार्क, ट्यूना वगैरे समुद्री शिकाऱ्यांच्या खोलीच्या नोंदींतही असा नमुना सापडला होता. उलट गणिताच्या बाजूला 2020 मध्ये दाखवलं गेलं की 2 हा आकडा एका रेषेवरच्या शोधाला खास आहे. सपाटीवर किंवा पाण्याच्या खोलीत शोधायचं असेल तर सर्वोत्तम घातांक बारीकसारीक अटींप्रमाणे बदलतो. त्या 'तिथेच राहत असेल' या अटीकडेही बघ. भक्ष्य खाल्लं की संपत असेल, तर 1999 च्याच गणिताप्रमाणे सरळ रेघेत पुढे पुढे जात राहणं उत्तम.

जादूचा आकडा हा शब्द म्हणून मला पटत नाही. आणि तू तसंच शोधावंस का? तुझ्याकडे कागद-पेन्सिल आहे, कुठे बघितलं ते लिहून ठेवता येतं. अल्बट्रॉसला ती सोय नाही.

प्रश्न : काही हरवलं की मी थोडं शोधते आणि पुन्हा जिथून सुरुवात केली तिथे येऊन उभी राहते. मग परत निघते. मुलं हसतात. ही खोड घालवायची कशी?

उत्तर : घालवू नका. 2011 मध्ये मार्टिन इव्हान्स आणि सत्य मजुमदार या भौतिकशास्त्रज्ञांनी नेमक्या तुमच्या खोडीचं गणित केलं. एका अमर्याद सरळ रेषेवर मागे-पुढे भटकणारा कण लपलेल्या ठिकाणी कधी ना कधी पोचतो, पण त्याला लागणारा सरासरी वेळ अनंत निघतो. कारण काही वेळा तो उलट्या बाजूला इतका लांब जातो की परत यायला युगं लागतात. त्याला मधून मधून उचलून सुरुवातीच्या जागी ठेवलं, की सरासरी वेळ मर्यादित होतो. फार वेळा उचललं तर तो लांब पोचतच नाही, फार क्वचित उचललं तर भरकटतो. मधे कुठेतरी सगळ्यात चांगला वेग असतो.

कॅटाग्लिफिस या वाळवंटी मुंग्याही असंच करतात. बिळाचं तोंड जिथे असायला हवं तिथे पोचूनही सापडलं नाही, तर मुंगी एक छोटं वळण घेऊन त्या जागी परत येते, मग दुसऱ्या दिशेला जरा मोठं, पुन्हा परत, मग आणखी मोठं. तिचा अंदाज थोडासाच चुकलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून जवळची जागा ती पुन्हा पुन्हा धुंडाळते. काखेत कळसा असणाऱ्यानं गावाला वळसा घालावा, पण दर वळशाला एकदा काख चाचपावी, असं हे आहे.

मुलांना एक कोडं घाला. अंधारात लांबच लांब भिंतीशी उभे आहात, दार डावीकडे की उजवीकडे ते माहीत नाही, किती लांब तेही नाही. उजवीकडे 1 पाऊल, परत. डावीकडे 2, परत. उजवीकडे 4, डावीकडे 8, असं दुप्पट करत गेलात तर दार कुठेही असो, एकूण चाल त्याच्या अंतराच्या 9 पटींपेक्षा जास्त होत नाही. नशिबावर काही न सोडता यापेक्षा कमी पटीची हमी कुणालाच देता येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. परत न येता एकाच बाजूला जाणाऱ्याला मात्र दार कधीच न सापडण्याची भीती.

प्रश्न : चालता चालता शोधावं की थांबून?

उत्तर : दोन्ही आलटून पालटून, पण एकाच वेळी नव्हे. वेगात असताना बारीक दिसत नाही आणि थांबून राहिलं तर जागा बदलत नाही. तुमचे डोळे हे आत्ताही करत आहेत. वाचताना नजर घसरत जाते असं वाटतं, प्रत्यक्षात ती शब्दांवरून टणाटण उड्या मारते. दर सेकंदाला तीन-चार उड्या, आणि उडीच्या मधे जवळजवळ काही दिसत नाही. पुष्कळ छोटे मासेही झपकन पुढे जातात, थांबतात, बघतात, पुन्हा झपकन.

ज्याला डोळे नाहीत, डोकं नाही, तेही असंच करतं. ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएत सुमारे 46 लाख अक्षरं असतात. लॅक रिप्रेसर नावाच्या प्रथिनाला त्यातल्या वीसेक अक्षरांच्या एका जागेवर जाऊन बसायचं असतं. 1970 मध्ये परीक्षानळीत मोजलं तेव्हा ते नुसतं पाण्यात तरंगत धडकण्याच्या मानानं शंभरेक पट लवकर पोचत होतं. सगळे चक्रावले. नंतर उलगडलं की ते डीएनएच्या दोऱ्यावर थोडं घसरत चाचपतं, सुटतं, दुसरीकडे चिकटतं, पुन्हा थोडं चाचपतं. नुसतं घसरत राहिलं तर माझ्या पेन्सिलीसारखं त्याच अक्षरांवर घुटमळलं असतं. नुसतं तरंगत राहिलं तर वीस अक्षरांच्या एवढ्याशा जागेवर थेट येऊन पडण्याची वाट बघत बसलं असतं.

खोलीत हे करून बघायचं असेल तर शोधताना चालू नका. दोन पावलं जा, उभं राहा, सावकाश पाहा, मग पुढची दोन. चालताना खाली बघत राहणाऱ्याला आपण शोधतो आहोत असं समाधान फार मिळतं आणि सापडत काही नाही.

प्रश्न : गर्दीत माझी आणि यांची चुकामूक झाली. फोन बंद. दोघंही एक तास एकमेकांना शोधत फिरलो. यांचं म्हणणं, मी एका जागी थांबायला हवं होतं. माझं म्हणणं, यांनी. गणित काय म्हणतं?

उत्तर : गणित म्हणतं, दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच गोची आहे. एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं सगळीकडे फिरायचं हे आधी ठरलेलं असेल, तर भेट नक्की होते. दहा ठिकाणं असतील तर फिरणाऱ्याला फार तर दहा जागा बघाव्या लागतील. ठरलेलं नसेल आणि दोघंही शहाणपणानं थांबले, तर बसा वाट बघत. दोघंही फिरले तर एक इथून निघताना दुसरा तिथून येतो. आधी काहीच ठरलेलं नसताना प्रत्येकानं स्वतःपुरतं नशिबावर सोडावं, कधी थांबावं, कधी बाकीच्या जागांची फेरी मारावी, असा एक चांगला उपाय आहे. ठिकाणं तीनच असतील तर तीनातून एकदा थांबणं आणि दोनदा बाकीच्या दोन जागांची फेरी मारणं हे सर्वोत्तम, असं सिद्धही झालं आहे. दोघांनीही तेच करायचं, कोण थांबणार यावर भांडायचं नाही.

पण तुम्ही घरी सुखरूप पोचला आहात आणि एकमेकांशी बोलताही आहात, तेव्हा नाणं कशाला उडवायचं? आजच ठरवून टाका. कोणी थांबायचं ते मात्र मला विचारू नका. पुढच्या महिन्यात यांचंही पत्र येईल.